चौथा डेक : कॉन्क्वेस्ट स्पर्धेसाठी केलेल्या डेक-निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०१८ सालच्या एप्रिल ते जून या काळातले आहे. खेळाडू पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होता. त्याची ओळख पटू नये म्हणून त्याचे, महाविद्यालयाचे आणि स्पर्धेचे नाव येथे दिलेले नाही. मी त्याला दोन वर्षे वरिष्ठ होतो आणि तयारीच्या काळात सल्ला देण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या काही माझ्याही आहेत.

खेळ हर्थस्टोन. ब्लिझार्ड या कंपनीने २०१४ मध्ये बाजारात आणलेल्या या डिजिटल पत्त्यांच्या खेळात त्या वेळी प्रत्येक डेक, म्हणजे खेळाडूने निवडलेला पत्त्यांचा गठ्ठा, ३० पत्त्यांचा असे. एका पत्त्याच्या जास्तीत जास्त दोन प्रती आणि लेजेंडरी, म्हणजे सर्वांत दुर्मीळ, पत्त्याची एकच प्रत घेता येते. प्रत्येक खेळाडूचे ३० प्राण असतात, आणि पत्ते खेळण्यासाठी लागणारा माना दर पाळीला एकाने वाढत दहापर्यंत जातो. त्या वेळी खेळात नऊ वर्ग (मेज, पॅलाडिन, रोग, वॉरलॉक, ड्रुइड, शमन, वॉरियर इत्यादी) होते आणि प्रत्येक डेक त्यांपैकी एका वर्गाचा असे.

खेळ माहीत नसलेल्या वाचकाला हे सारे मुलांचे चाळे वाटण्याची शक्यता आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत हर्थस्टोन प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळवला गेला आणि भुजच्या तीर्थ मेहताने त्यात भारतासाठी कांस्यपदक मिळवले, एवढे सांगून पुढे जातो.

या प्रकरणात महत्त्वाचा आहे तो पत्त्यांचा हिशेब. या खेळात पत्ते एकमेकांना देता किंवा विकता येत नाहीत. नको असलेला पत्ता मोडून डस्ट मिळवायची आणि तिच्यातून हवा तो पत्ता घडवायचा, हाच खात्रीचा मार्ग असतो. लेजेंडरी पत्ता घडवायला १६०० डस्ट लागते आणि तोच मोडला तर ४०० मिळते. एपिक, म्हणजे त्याखालच्या दर्जाच्या, पत्त्यासाठी हेच आकडे ४०० आणि १०० आहेत. सोन्याच्या मोडीत घट जाते हे आपण समजून असतो, पण येथे घट पाऊण मालाची आहे, आणि हातात मोजकी डस्ट असलेल्या विद्यार्थ्याला ती फार लागते.

स्पर्धेची पद्धत

स्पर्धा आंतरमहाविद्यालयीन होती. सोळा खेळाडू, बाद पद्धत आणि जूनच्या दुसऱ्या रविवारी एकाच दिवसात सर्व सामने. सामने कॉन्क्वेस्ट पद्धतीने होणार होते. प्रत्येकाने चार वेगवेगळ्या वर्गांचे चार डेक आणायचे. सामन्यापूर्वी दोघांनाही एकमेकांचे वर्ग दाखवले जातात आणि प्रत्येक जण समोरच्याचा एक डेक बॅन करतो, म्हणजे त्या सामन्यापुरता बाद ठरवतो. उरलेल्या तीन डेकपैकी ज्या डेकने डाव जिंकला तो बाजूला ठेवायचा आणि बाकीच्यांनी खेळत राहायचे. तिन्ही डेकने एकेक डाव ज्याचा आधी जिंकून होईल, तो सामना जिंकला.

या शेवटच्या अटीत पुढचे सगळे दडलेले आहे. लॅडरवर, म्हणजे रोजच्या क्रमवारीच्या खेळात, आपला सर्वांत चांगला डेक घेऊन शंभर डाव खेळता येतात. कॉन्क्वेस्टमध्ये आपल्या सर्वांत कच्च्या डेकलाही एक डाव जिंकूनच द्यावा लागतो.

मूळ निवड आणि मे महिन्यातील बदल

१२ एप्रिलला ‘द विचवुड’ हा नवा संच आला. त्यातले दोन लेजेंडरी पत्ते पुढचे वर्षभर गाजले. गेन ग्रेमेन डेकमध्ये असेल आणि डेकमधले सर्व पत्ते सम मानाचे असतील, तर आपली हीरो पॉवर (दर पाळीला एकदा वापरता येणारी वर्गाची खास शक्ती) दोनऐवजी एका मानात वापरता येते. बाकू द मूनईटर असेल आणि सर्व पत्ते विषम मानाचे असतील, तर हीरो पॉवर डावाच्या सुरुवातीपासूनच वाढीव ताकदीची मिळते. यावरून त्या डेकना ‘इव्हन’ आणि ‘ऑड’ अशी नावे पडली.

आमच्या खेळाडूने एप्रिलमध्येच १६०० डस्ट खर्चून गेन घडवला आणि इव्हन पॅलाडिन बांधला. सनकीपर टारिम आणि द लिच किंग हे दोन लेजेंडरी पत्ते त्याच्याकडे आधीपासून होते. या डेकचा कणा ‘कॉल टू आर्म्स’ हा चार मानाचा एपिक पत्ता होता. तो एकाच वेळी डेकमधून दोन किंवा कमी मानाचे तीन सैनिक मैदानात आणतो. आकडेवारीच्या संकेतस्थळांवर त्या आठवड्यांत हा डेक वरच्या क्रमांकांत दिसत होता, आणि त्याने यादी वरून खाली वाचत निवड केली होती. त्या वेळी मलाही त्यात काही वावगे दिसले नव्हते.

मे महिन्यात ब्लिझार्डने काही पत्त्यांत बदल जाहीर केले आणि ते २२ मे रोजी लागू झाले. कॉल टू आर्म्सचा माना चारवरून पाच झाला. इतर कोणत्याही डेकसाठी ही एका मानाची महागाई होती, पण आमच्या डेकसाठी पत्ताच गेला, कारण पाच हा विषम आकडा आहे आणि गेनच्या डेकमध्ये विषम पत्ता चालत नाही.

असा बदल झाला की बदललेला पत्ता काही दिवस पूर्ण किमतीत मोडता येतो, त्यामुळे कॉल टू आर्म्सच्या दोन प्रतींचे ८०० परत मिळणार होते. ज्या पत्त्यांवर बदलाची थेट शाई पडली नाही, पण ज्यांचा डेक मोडला, त्या गेन आणि टारिमला मात्र मोडीचाच भाव होता.

अडचण

स्पर्धेला एकोणीस दिवस उरले होते. त्याच्याकडे ४५० डस्ट शिल्लक होती आणि परतीचे ८०० धरून १२५० होत होती. पूर्ण तयार आणि हातात बसलेला एकच डेक होता, टेम्पो मेज, जो तो वर्षभर खेळत आला होता. आणखी तीन डेक उभे करायचे होते, आणि डस्ट एका लेजेंडरीपुरतीही नव्हती.

आम्ही पहिल्या दिवशी प्रश्न असा मांडला : ‘एवढ्या डस्टमध्ये कोणते तीन चांगले डेक बसतील?’ तो तेव्हाच दुरुस्त करायला हवा होता. विचारायचे होते ते हे : कोणते चार डेक एकत्र आणले म्हणजे समोरच्याच्या एका बॅनने ते ढासळणार नाहीत?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गेनभोवती बांधणी करण्याचा होता. गेन आणि लिच किंग हातात होते. ‘फ्रोझन थ्रोन’ संचाच्या प्रस्तावनेत प्रत्येकाला एक यादृच्छिक डेथ नाइट पत्ता फुकट मिळत असे, आणि त्यात याच्या वाट्याला ब्लडरीव्हर गुलदान हा वॉरलॉकचा पत्ता आला होता. म्हणजे इव्हन वॉरलॉक जवळपास तयार होता. इव्हन शमनही थोड्या डस्टमध्ये झाला असता. पण कॉल टू आर्म्सविना इव्हन पॅलाडिन पांगळा होता, आणि चौथ्या जागी टेम्पो मेज घेतला तरी या चौघांना एकत्र बांधणारे काही सापडत नव्हते.

दुसरा पर्याय मंद, म्हणजे डाव लांबवून जिंकणारे, डेक खेळणाऱ्यांना लक्ष्य करण्याचा होता, म्हणजे शडरवॉक शमन, क्वेस्ट रोग आणि तत्सम डेक. यासाठी लागणारे लेजेंडरी पत्ते पाहता तो दहा मिनिटांत बाद झाला.

तिसरा पर्याय वेगवान लाइनअपचा, म्हणजे चारही डेक वेगवान ठेवण्याचा, होता. बाकू हा एकच पत्ता घडवला की ऑड पॅलाडिन आणि ऑड रोग असे दोन वेगळ्या वर्गांचे डेक उभे राहतात, आणि दोन्हींचे बाकीचे पत्ते बहुतांशी स्वस्त आहेत. ऑड पॅलाडिनची हीरो पॉवर एकाऐवजी दोन शिपाई देते, तर ऑड रोगच्या हातात एकऐवजी दोनच्या माऱ्याचा खंजीर येतो. टेम्पो मेज जोडीला होताच. चौथा टोकन ड्रुइड (लहान सैनिकांची गर्दी करणारा डेक) घेतला असता, तर चारही डेकचा शत्रू साधारण एकच राहिला असता : मैदान पुन्हा पुन्हा पुसून काढणारा डेक. मग प्रत्येक सामन्यात असा जो सर्वांत जाचक डेक दिसेल तो बॅन करायचा आणि उरलेल्यांवर धावून जायचे, इतकी सरळ योजना झाली असती.

बाकूसाठी १६०० हवे होते आणि १२५० हातात होते. टारिम सहा मानाचा, म्हणजे ऑड पॅलाडिनमध्ये त्याला जागाच नव्हती. तो मोडून ४०० मिळाले की बाकू होत होता आणि वर ५० उरत होते. टोकन ड्रुइडमध्ये मात्र दोन एपिक पत्ते कमी पडत होते, त्यांचे ८०० हवे होते, आणि ते उभे करण्याचा एकच मार्ग दिसत होता : गेन आणि लिच किंग दोन्ही मोडणे.

हा या प्रकरणातला खरा निर्णयबिंदू. खानावळीत समोरासमोर बसून, ताटातली भाजी निवून जाईपर्यंत, आम्ही या एका गोष्टीवर बोललो. त्याचे म्हणणे एका वाक्यात होते : “दादा, बत्तीसशेचा माल आठशेत विकायचा, तोही रविवारच्या एका स्पर्धेसाठी?” त्यापुढे त्याने जे म्हटले ते मी त्या वेळी मान्य केले आणि आजही मला सर्वांत जास्त तेच खटकते : “तसाही चार डेकपैकी एक बॅनच होणार आहे. चौथा नुसता भरतीचा.”

घेतलेले निर्णय

टारिम मोडला, बाकू घडवला आणि ऑड पॅलाडिन व ऑड रोग तयार झाले. चौथ्या जागी इव्हन वॉरलॉक आला, कारण त्याला एक कपर्दिकही लागत नव्हती. सरावाची नोंद तो एका वहीत ठेवत असे. स्पर्धेच्या आदल्या रात्री त्या वहीत नव्या डेकपैकी ऑड पॅलाडिनचे ६२ डाव होते, ऑड रोगचे ४१ आणि वॉरलॉकचे ११. वॉरलॉकच्या अकरा डावांपैकी सात जिंकलेले होते आणि त्याने त्यासमोर ‘६४ टक्के, उत्तम’ असे लिहिले होते.

या नोंदीविषयी थोडे थांबून बोलायला हवे. पूर्णपणे निम्म्या ताकदीचा डेक घेतला, नाणेफेक म्हणा हवे तर, तरी ११ पैकी ७ किंवा त्याहून अधिक डाव जिंकण्याची शक्यता सुमारे २७ टक्के असते. वीस डावांत तेरा किंवा अधिक जिंकण्याची शक्यताही अशा डेकसाठी सुमारे १३ टक्के असते. त्यामुळे अकरा डावांवरून डेकविषयी काही म्हणणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करण्यापैकी आहे, आणि येथे तर प्रत्येक शीत वेगळ्या भांड्यातले होते. त्याने ते डाव लॅडरवर, कोणीही समोर आला तसे खेळले होते. स्पर्धेत वॉरलॉकसमोर कोण येईल हे समोरचा ठरवणार होता.

स्पर्धेचा दिवस

पहिल्या फेरीत समोरच्याने ऑड रोग बॅन केला. सामना ३-१ असा जिंकला, आणि वॉरलॉकने आपला डाव पहिल्याच प्रयत्नात काढला. या विजयाने आमचे नुकसानच केले, कारण मधल्या वेळेत आम्ही वॉरलॉकविषयी एक शब्दही बोललो नाही.

उपांत्यपूर्व फेरीत प्रतिस्पर्ध्याकडे टॉन्ट ड्रुइड, शडरवॉक शमन, क्वेस्ट रोग आणि ऑड वॉरियर होते. पहिले तीन प्रामुख्याने मंद डेकना गिळण्यासाठी आणलेले होते. वॉरियर तेवढा वेगवान डेकचा काळ होता, आणि आम्ही योजनेप्रमाणे तोच बॅन केला. त्याने आमचे चार वर्ग पाहिले, क्षणभर विचार केला आणि ऑड पॅलाडिन बॅन केला. त्या दिवसांत वॉरलॉक म्हणजे बहुधा मंद डेक हे कोणालाही ठाऊक होते. ज्या एका डेकविरुद्ध त्याचे तिन्ही डेक बांधलेले होते, तो आम्ही स्वतः त्याच्या पुढ्यात ठेवला होता आणि त्यानेही तो मुकाट्याने राहू दिला.

ऑड रोगने पहिला डाव जिंकला, टेम्पो मेजने दुसरा. २-० झाले. आता वॉरलॉकला एकच डाव हवा होता आणि समोरच्याला तिन्ही डेकने जिंकायचे होते, म्हणजे वॉरलॉक तिघांशी एकेकदा भिडणार होता. क्वेस्ट रोगकडून हरला. शमनकडून हरला. राहिला ड्रुइड.

या शेवटच्या डावात आमचा खेळाडू दुसरा खेळत होता, म्हणून हातात कॉइन (दुसऱ्या खेळणाऱ्याला मिळणारा, एका पाळीपुरता एक जादा माना देणारा पत्ता) होते आणि सुरुवातीच्या पत्त्यांत माउंटन जायंट. जायंटचा माना बारा, पण हातातल्या इतर प्रत्येक पत्त्यामागे एक कमी होतो. हिशेब असा : चार पत्ते आणि कॉइन घेऊन सुरुवात. पहिल्या पाळीला एक पत्ता उचलला आणि एका मानाच्या हीरो पॉवरने आणखी एक घेतला की हातात सात. दुसऱ्या पाळीला तसेच केले की नऊ. तिसऱ्या पाळीला पत्ता उचलला की दहा. त्यांतला एक जायंट, इतर नऊ, म्हणून त्याची किंमत तीन, आणि तिसऱ्या पाळीला माना तीनच असतो. म्हणजे कॉइन नुसते हातात धरून बसले की आठ बळाचा आणि आठ प्राणांचा जायंट तिसऱ्याच पाळीला उतरतो.

त्याने दुसऱ्या पाळीला कॉइन वापरले, हीरो पॉवर घेतली आणि व्हल्गर होमन्क्युलस खाली ठेवला. टेम्पो मेजमध्ये वर्षभर हीच सवय लागलेली होती : माना रिकामा सोडायचा नाही. कॉइन गेले, पत्ता गेला आणि जायंट एक पाळी लांबला. डाव संपला तेव्हा ड्रुइडचे पाच प्राण उरले होते. जायंटचा एक घाव आठचा असतो.

सामना २-३ असा गेला.

निकालाचे विश्लेषण

परतीच्या वाटेवर खेळाडूचे निदान ठरलेले होते : कॉइनने डाव घालवला. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही. मात्र जायंट एक पाळी आधी आला असता, तर ड्रुइडनेही बचावाच्या भिंती वेगळ्या रीतीने उभ्या केल्या असत्या. आठ वजा पाच असा हिशेब डाव संपल्यावरच इतका सोपा दिसतो.

त्याचे दुसरे निदान असे होते की वॉरलॉक शेवटी ठेवायला नको होता. हे मात्र साफ चूक आहे. वॉरलॉक पहिला खेळला असता, तरी त्याला केव्हातरी एक डाव जिंकूनच द्यावा लागला असता. कॉन्क्वेस्टमध्ये क्रम बदलून कच्चा डेक लपवता येत नाही.

निव्वळ नशीब म्हणूनही पाहायला हवे. निम्म्या ताकदीचा डेकसुद्धा सलग तीन डाव दर आठांत एकदा हरतो. पण त्या तीन विशिष्ट डेकविरुद्ध, अकरा डावांच्या सरावाने, वॉरलॉकची शक्यता मी ३५ टक्क्यांच्या वर धरणार नाही. तसे असेल तर सलग तीन हरण्याची वेळ चारांत एकदापेक्षाही थोडी जास्त येते. तेव्हा आम्हाला फार मोठा योगायोग आडवा आला असे म्हणता येत नाही.

नंतर मी कागदावर एक सोपे गणित मांडले. ते आधी मांडले असते तर खानावळीतली चर्चा वेगळ्या दिशेने गेली असती. समजा, बॅननंतर उरलेल्या तीन डेकची प्रत्येक डाव जिंकण्याची शक्यता ५०, ५० आणि ५० टक्के आहे. सामना जिंकण्याची शक्यता ५० टक्के येते. आता दोन डेक ६० टक्क्यांचे आणि एक ३० टक्क्यांचा घ्या. सरासरी तीच, ५०. सामना जिंकण्याची शक्यता मात्र साडेत्रेचाळीस टक्क्यांवर येते. दोन डेकचे मिळून वाढलेले वीस टक्के एका डेकच्या वीस टक्के घटीला भरून काढू शकत नाहीत, कारण या पद्धतीत जास्तीची ताकद साठवून दुसऱ्या डेकला देता येत नाही.

‘चौथा भरतीचा’ या म्हणण्यातला दोषही येथेच आहे. बॅन समोरचा करतो, आणि तो आपला कच्चा डेक कशाला काढेल? चौथा डेक बॅन व्हावा असे वाटत असेल तर तो धाक बसेल असाच हवा. प्रतिस्पर्ध्याचा वॉरियर नेमका तसा होता. त्याच्या लाइनअपमध्ये तो एकटाच वेगळ्या जातीचा होता, पण आम्ही त्याला भिऊन तोच बॅन केला आणि त्याचे बाकीचे तीन एकजिनसी डेक शाबूत ठेवले. त्यानेही आमचा एकटा पडलेला डेक ओळखला आणि तो राहू दिला. दोघांच्याही चौकडीत एकेक परका डेक होता. फरक एवढाच की त्याचा परका डेक बाहेर गेला आणि आमचा आत राहिला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत उघड उत्तर म्हणजे गेन आणि लिच किंग मोडून टोकन ड्रुइड बांधणे. मी आज त्या बाजूचा आहे, पण हे उत्तर वाटते तितके सरळ नाही. स्पर्धा एका दिवसाची होती आणि ते दोन पत्ते पुढे महिनोन्‌महिने उपयोगी पडणार होते. ज्याला रोज लॅडर खेळायचे आहे त्याने ते मोडू नयेत, हा सल्ला चुकीचा ठरत नाही. फक्त तो निर्णय घेताना ‘बत्तीसशे’ हा आकडा मनात धरायचे कारण नव्हते. ते बत्तीसशे केव्हाच खर्च झाले होते. पाहायचे एवढेच होते की हे दोन पत्ते पुढच्या तीन महिन्यांत जास्त उपयोगाचे की आत्ताचे दोन एपिक.

पत्ते मोडायचे नव्हतेच, तर सरावाची वाटणी बदलायला हवी होती. ऑड पॅलाडिनचे ६२ डाव हे गरजेपेक्षा कितीतरी जास्त होते. तो डेक तिसाव्या डावाला हातात बसला होता. उरलेले तीसेक डाव वॉरलॉकला दिले असते आणि त्यांतले निम्मे एखाद्या मित्राला ड्रुइड, शमन आणि क्वेस्ट रोग देऊन ठरवून खेळले असते, तर कॉइन धरून ठेवण्याची गोष्ट त्याला तिसऱ्या-चौथ्या डावातच उमगली असती. हे सुचवणे माझे काम होते आणि मी ते केले नाही. जो डेक जिंकत होता तोच तो रोज रात्री उघडत असे, आणि मला ते दिसत होते.

बॅनचाही फेरविचार करता येतो. २-० झाल्यावर वॉरलॉकसमोर जे तीन डेक आले, त्यांतला एक जरी वॉरियर असता, तरी वॉरलॉकला थोडा श्वास मिळाला असता. पण वॉरियर आत ठेवला असता तर रोग आणि मेज यांचे दोन डाव इतक्या सहज मिळाले नसते. मी हे बऱ्याच रीतींनी मांडून पाहिले आणि दरवेळी वॉरियरचा बॅन योग्यच ठरला. त्या दिवशी बॅन बरोबर होता, लाइनअप चुकलेली होती.

७ ऑगस्टला पुढचा संच आला तेव्हा त्याने लिच किंग मोडला. गेन तसाच ठेवला आणि पावसाळाभर इव्हन वॉरलॉकच खेळला. कॉइनविषयीचे त्याचे मत मात्र बदललेले नाही, आणि त्या डावाचा विषय निघाला की आम्ही अजूनही भांडतो.